सर्वपित्रीचं रिकामं टेबल

महापालिकेच्या रुग्णालयात मी चौतीस वर्षं नोकरी केली आणि एवढ्या वर्षांत कुणाला साधी पट्टीसुद्धा बांधली नाही. मी तारखा देत होतो. अस्थिरोग विभागाच्या खिडकीला लागून एक अरुंद खोली होती. दारावर पाटी नव्हती, पण शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ‘तारखेची खोली’ म्हणत. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथली गुडघे नि खुबे झिजलेली माणसं भिंतीला धरून धरून तिथे यायची आणि एकच प्रश्न विचारायची : कधी? त्याचं उत्तर देण्याचा मला पगार मिळायचा. डॉक्टरांना लोक देव म्हणतात. मला काय काय म्हणत ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

ज्यांच्यावर अशी खोली शोधायची पाळी आली नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या. एक, जी आत्ताच्या आत्ता करावी लागते : अपघात झाला, हाड मोडलं, रक्त वाहतंय. दुसरी नियोजित, म्हणजे ज्यात माणसाला थांबता येतं असं दुसऱ्या माणसाला वाटतं. गुडघा बदलायचा असेल तर जीव जात नाही, म्हणून थांबा. खुबा झिजला तरी लंगडत चालता येतं, म्हणून थांबा. आमच्या युनिटला आठवड्यातून दोन दिवस टेबल मिळायचं, मंगळवारी आणि गुरुवारी. टेबल म्हणजे शस्त्रक्रियेची खाट. पहाटे हायवेवर कुणी मोटारसायकल ठोकून आला की त्या दिवशीचं टेबल त्याचं. सहा महिने वाट बघून, रात्रीपासून उपाशी राहिलेल्या आजींना मग मी सांगायला जायचो की आज नाही, पुढच्या आठवड्यात बघू. शिव्या कुठून सुरू व्हायच्या ते कळलं असेल.

त्यात एका शस्त्रक्रियेसाठी पाच गोष्टी एकाच दिवशी जमून याव्या लागतात. वॉर्डात खाट, भूल देणाऱ्या डॉक्टरांची संमती, रक्ताची बाटली, सरकारी योजनेची मंजुरी आणि बसवायचा सांधा. ह्या पाचही जमवल्या की सहावी गोष्ट उरते, ती म्हणजे स्वतः पेशंट. माझ्या अनुभवात सगळ्यात बेभरवशाची तीच. घाटकोपरला फरसाणाचं दुकान असलेले एक गृहस्थ ज्योतिषाकडून चिठ्ठी घेऊन आले होते. पहिला छेद अकरा बावीस ते अकरा चाळीसच्या मध्ये द्यावा. मी घाबरत घाबरत ती चिठ्ठी नाईक सरांना दाखवली. नाईक सर आमचे युनिट प्रमुख, हात सोन्याचा आणि जीभ तिखट. ते म्हणाले, “त्यांना सांगा, घड्याळ माझ्याकडे पण आहे.” आणि त्या दिवशी योगायोगाने सगळं लांबलं आणि छेद साडेअकरालाच पडला. ते गृहस्थ दरवर्षी सरांना शेव पाठवतात, ज्योतिषालाही पाठवत असतील.

मुलुंडच्या एका आजींना मी चार वेळा तारीख दिली. पहिल्यांदा पुतण्याचं लग्न निघालं, मग उन्हाळ्याचे पापड, मग सुनेचं बाळंतपण. चौथ्या वेळी मी वैतागून म्हणालो, “आजी, आता काय?” त्या पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, “अरे बाबा, मला भीती वाटते रे.” एवढी साधी गोष्ट कुणी त्यांना विचारलीच नव्हती. मीही नाही.

पण पेशंट नको म्हणण्याचा खरा हंगाम म्हणजे पितृपक्ष. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा आला की आमचं टेबल ओस पडायचं. त्या दिवसांत लोक फ्रिज घेत नाहीत तर नवा गुडघा कुठून घेणार! त्यावर मी एक उपाय शोधला होता आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. माझ्या मोठ्या नोंदवहीच्या शेवटी एक पान होतं, ‘कोणताही दिवस चालेल’ अशा लोकांचं. त्यात ख्रिस्ती होते, मुसलमान होते, बौद्ध होते, आणि असल्या गोष्टी न मानणारे दोनचार कम्युनिस्ट काकाही होते. पितृपक्ष लागला की मी त्या पानावरून फोन लावायचो आणि टेबल भरायचो. कुणाचाही हक्क न मारता रांग थोडी पुढे सरकायची.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी वरून आदेश आला. नियोजित शस्त्रक्रियेसाठी लोकांना वर्षवर्ष ताटकळत ठेवायचं नाही, असं सरकारने ठरवलं होतं. हे चांगलंच होतं, त्यात नाक मुरडायचं मला काही कारण नाही. शनिवारचं जादा टेबल मिळालं, भूल देणारे आणखी एक डॉक्टर आले, योजनेची मंजुरी लवकर मिळायला लागली. आयुष्यभर आम्ही जे मागत होतो ते निदान थोडंफार मिळत होतं. माझी वही गेली आणि यादी संगणकावर आली. तारीख आता फक्त नंबराप्रमाणे द्यायची, मधलं कुणी पुढे घ्यायचं नाही. वशिल्याला आळा बसावा म्हणून हा नियम होता आणि तोही योग्यच होता. माझं शेवटचं पान मात्र त्यात गेलं.

आदेशात आणखी एक कलम होतं : यादी साफ करा. प्रत्येकाला तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करायचा. उचलला नाही तर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहून नाव कमी करायचं. हेही वाचायला शहाणपणाचंच वाटतं. यादीत खरोखरच बाहेर शस्त्रक्रिया करून घेतलेली, गाव गाठलेली, विरारपलीकडे राहायला गेलेली माणसं होती. एका घरी फोन लावला तर बाई म्हणाल्या, “तारीख आली का? भाऊ, त्यांना जाऊन वर्ष होईल आता.” फोन ठेवून पाणी प्यायलो आणि पुढचा नंबर फिरवला.

फोन करायची वेळ मिळायची ती सकाळी अकरा ते दुपारी तीन, खिडकीवरची गर्दी सांभाळून. आणि दिवस होते गणपतीचे. आता मी पडलो परब, मूळ मालवणकडचा. वडील गिरणीत होते, मी भांडुपला वाढलो. गणपतीत आमची माणसं कुठे असतात हे मला कुणी सांगायला नको. यादीतले तावडे, राऊळ, धुरी, ह्यांना फोन लावला की ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ अशी बाई बोलायची. मी समजायचो की मंडळी गावी आहेत, डोंगराच्या पोटातल्या घरात नेटवर्क नाही, गौरी गेल्या की परत येतील. छापून घेतलेल्या यादीत अशा नावांपुढे मी पेन्सिलीने ‘गावी’ लिहिलं आणि तो फोन मोजलाच नाही. नियमात असं काही नव्हतं. पण चांगल्या माणसाची रांग सणापायी का जावी, असं मला मनापासून वाटलं.

त्याच आठवड्यात विमल गायकवाड ह्या नावाला मी तीन दिवस तीन फोन केले. तिन्ही वेळा रिंग पूर्ण वाजली, कुणी उचललं नाही. ‘प्रतिसाद नाही’ लिहिलं आणि नाव कमी केलं. बाई डोळ्यांपुढेही आल्या नाहीत. अशी बरीच नावं त्या आठवड्यात गेली.

गणपती विसर्जनानंतर गाववाले परतले, मी त्यांना नंबराप्रमाणे तारखा दिल्या. ज्याला तारीख दिली तो थांबलेला धरायचा नाही, असा नियम होता. म्हणजे एक वर्षाच्या वर थांबलेला आमच्याकडे आता कुणी उरला नाही. शून्य. अधीक्षक मॅडमनी बैठकीत माझं नाव घेतलं, पुष्पगुच्छ दिला, फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर गेला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “फुलं कशाबद्दल?” मी म्हणालो, “यादी संपवली.” ती म्हणाली, “म्हणजे सगळ्यांची ऑपरेशनं झाली?” मी गुच्छ पाण्यात ठेवायला आत गेलो.

पितृपक्षाच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, एक बाई काठी टेकत खोलीत आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेतल्या मावशींची असते तशी निळ्या काठाची साडी, डावा पाय खुब्यापासून आखडलेला. खुर्चीवर बसतानाच त्यांनी दात आवळले.

“परब साहेब, विमल गायकवाड. माझा नंबर कुठवर आला?”

मी संगणकात बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. “नाव दिसत नाही ओ.”

“दिसत नाही म्हंजे? सव्वा वर्ष झालं. हा बघा कागद.”

“सिस्टिममधून गेलंय.”

“कुठं गेलंय?”

“म्हणजे तुम्हाला तीन वेळा फोन गेले होते. प्रतिसाद नाही आला, म्हणून.”

“कधी गेले फोन?”

“दिवसा. अकरा, बारा, दोन असे.”

बाई एकेक शब्द मोजून बोलल्या, “दिवसा मी शाळेत असते. सकाळी सातला फोन ऑफिसात जमा, पाचला परत. हेडबाईंचा नियम हाय. घरी जाऊन बघितलं तर मिस्ड कॉल. उलटा लावला तर नुसता वाजतोय. उचलतंय कोण? तुम्ही लावून बघा एकदा तुमच्याच हॉस्पिटलला.”

त्या गेल्यावर मी खरंच लावून बघितला. कुणी उचलला नाही. पण ते नंतर. तेव्हा मी नियमात लपलो. म्हणालो, आता नाव नव्याने घालावं लागेल, नंबर शेवटी जाईल, सातआठ महिने धरा.

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे किती दिवस आहेत. शाळा घाटकोपरला, त्या तिथे कंत्राटावर मावशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर बालवर्ग तिसऱ्या मजल्यावर जाणार होते. लिफ्ट नाही. हेडबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं : सुट्टीनंतर जिना चढता आला तर या, नाहीतर आम्ही बदली बाई बघतो. नवरा वारलेला. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि घरात मिळवणारं हे एकच माणूस. “पोरगी हुशार हाय ओ,” त्या म्हणाल्या. “माझी नोकरी गेली तर ती पण कुठंतरी मावशी म्हणून लागंल. तेवढं मला होऊ द्यायचं नाही.”

मी काहीतरी बरं बोलायला गेलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. “मी बाहेर बाकड्यावर बसते. आज अर्धी सुट्टी टाकलीय. तुमचं डोकं चाललं की हाक मारा.”

त्या बाहेर गेल्या आणि पाच मिनिटांत माझा फोन वाजला. भांडुपचे सदा तावडे. वय अडुसष्ट, खुब्याचेच पेशंट, आमच्या गावापासून दोन वाड्या पलीकडचे. त्यांना मी गुरुवारची तारीख दिली होती.

“अरे परबा, गुरुवारी सर्वपित्री हा!”

“माहीत आहे तावडेकाका. पण नंबराप्रमाणे आली तारीख.”

“तुझो नंबर घाल चुलीत. माझो बापूस कावळो होऊन दारात येतलो, आणि मी थंय टेबलार आडवो? जमाचा नाय. माका दसऱ्यानंतरची दी.”

मी हसलो, ठीक आहे म्हणालो आणि फोन ठेवला. गुरुवारचं टेबल रिकामं झालं. नवरात्रातली आणि त्यापुढच्या कित्येक आठवड्यांची टेबलं भरलेली होती. नाईक सर नेहमी सांगायचे, खुबा बदलल्यावर जिना चढायला सहा आठवडे धरा, सात धरले तर बरं. सर्वपित्रीपासून शाळा उघडेपर्यंत सात आठवडे आणि वर चार दिवस होते. मी कॅलेंडरवर बोटाने दोनदा मोजले.

मग मी कमी केलेल्या नावांची यादी छापून काढली आणि जुनी वही कपाटातून काढून शेजारी ठेवली. संगणकात नव्हता, पण माझ्या वहीत ‘व्यवसाय’ असा एक रकाना होता. वॉचमन. चार घरी स्वयंपाक. दवाखान्यात आया. औषधं भरायच्या कारखान्यात पॅकिंग. शाळेत मावशी. खाली खाली वाचत गेलो. दिवसा अकरा ते तीन ज्यांना फोन उचलता येत नाही अशीच माणसं मी वेचून काढली होती. कामाला जाणारे कमी झाले आणि घरी बसलेले राहिले. आणि माझ्या गावच्या माणसांपुढे मात्र प्रेमाने ‘गावी’ लिहिलेलं होतं. त्यांचं न उचलणं मला कळत होतं, बाकीच्यांचं नाही. कुणावर अन्याय करायचा म्हणून मी केलं नव्हतं, पण विमलताईंच्या बाजूने बघितलं तर काय फरक पडतो? मला माझी लाज वाटली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तशी कधी वाटली नव्हती.

मी बाहेर येऊन विचारलं, “विमलताई, सर्वपित्री अमावास्येला चालेल?”

“आम्ही बौद्ध. आम्हाला कसली अमावास्या?” त्या म्हणाल्या. “आणि माझा पाय तिथी बघून दुखत नाही.”

तारीख द्यायची म्हणजे नाव त्यांच्या जुन्या नंबरावर परत घालायला हवं होतं, आणि ते फक्त अधीक्षक मॅडम करू शकत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, कामाला वाघ, माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“परब, एकासाठी केलं तर सगळ्यांसाठी करावं लागेल.”

“हो मॅडम. तेच म्हणतोय.”

“शून्य कळवलंय आपण. आता आकडा पुन्हा चढला तर मला वरून विचारतील.”

“माझं पत्र दाखवा. कामाच्या वेळात फोन केले आणि न उचलणाऱ्यांची नावं कमी केली, गावी गेलेल्यांची मात्र ठेवली, ही माझी चूक. लिहून आणलंय.”

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्हाला फुलं दिली तेव्हा मी पण खूश होते हो.” आणि सही केली.

नाईक सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “सर्वपित्रीला? मला चालतं. फक्त आमच्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका.” खरी अडचण राणे सिस्टरांची होती. टेबलाची सगळी तयारी त्यांच्या हाताखाली आणि त्या दिवशी त्यांच्या घरी सासऱ्यांचं पान. “परब, तुम्हाला दुसरा दिवस नाही सापडला? वाट लावलीत माझी,” म्हणून त्या माझ्यावर भडकल्या. पण गुरुवारी सकाळी सातला हजर. पहाटे उठून वडे तळले, खीर केली, पान वाढून आल्या होत्या. “कावळा आमच्याकडचा लवकर उठणारा आहे,” म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मधले तीन दिवस मी खोलीत कमी आणि जिन्यात जास्त होतो. रक्ततपासणी, छातीचा फोटो, भूल देणाऱ्या डॉक्टरांची सही. रक्त द्यायला विमलताईंच्या मुलीच्या वर्गातल्या तीन पोरी आल्या. योजनेची मंजुरी बुधवारी दुपारी चारला आली, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गुरुवारी शस्त्रक्रिया झाली, दीड तासात, कुठलंही विघ्न न येता. शुक्रवारी त्यांना वॉकर देऊन उभं केलं तेव्हा त्या खाली आपल्या पायांकडे बघत होत्या. दोन्ही पाय सारखे टेकले होते.

त्याच्या पुढच्या सोमवारपासून मी संध्याकाळी सातपर्यंत थांबायला लागलो. कमी केलेल्या नावांना पुन्हा फोन केले. बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलले. काहींना तर आपलं नाव गेलं होतं हेच माहीत नव्हतं. सगळे त्यांच्या त्यांच्या नंबरावर परत आले. विक्रोळीचे एक वॉचमन मात्र म्हणाले, “नको आता. तुमच्याकडून कळेना, म्हणून गावाला जायचं ठरवलं. तिकडे फार चालावं लागत नाही.” मी समजावलं, सरांशी बोलायला सांगितलं. ते गोड बोलले, पण आले नाहीत. त्यांचा आवाज अजून कानात आहे. माझ्या पत्राचा परिणाम की आणखी कशाचा ते माहीत नाही, पण दोनेक महिन्यांनी फोन संध्याकाळीही करावेत आणि मोबाइलवर संदेश पाठवावा, असं परिपत्रक आलं. यादी चढली ती पुढे हळूहळू खरी उतरली. त्याबद्दल कुणाला गुच्छ मिळाल्याचं ऐकलं नाही. तावडेकाकांचा खुबाही दसऱ्यानंतर झाला आणि ते आता भांडुपच्या बाजारात मासळीवाल्यांशी उभ्या उभ्या भांडतात.

विमलताईंची नोकरी राहिली, हे इथेच सांगून टाकतो. पण त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट सांगायची आहे. शनिवार होता, सोमवारी शाळा उघडणार होती. त्या तपासणीला आल्या. फोटो बघून नाईक सर खूश झाले, जिना चढा म्हणाले, काठी ठेवा, धावू नका. खाली व्यायामाच्या विभागात लाकडी पायऱ्या आहेत, चढून दाखवायच्या. चारच पायऱ्या. विमलताईंनी त्या चढून-उतरून दाखवल्या आणि माझ्या खोलीत आल्या.

“चार पायऱ्यांनी काय कळणार? शाळेत अठ्ठावन्न हायत. मी मोजल्यात. तुमच्या ह्या जिन्याला किती?”

“मोजल्या नाहीत कधी.”

“मग चला, मोजू. मागं राहा माझ्या.”

आम्ही निघालो. एक हात कठड्यावर, एका हातात काठी, आणि शिकवल्याप्रमाणे चांगला पाय आधी वर. पहिल्या मजल्यापर्यंत त्या मोठ्याने मोजत होत्या, पुढे ओठ हलत होते, आवाज बंद. दुसऱ्या मजल्यावर मी विचारलं, बसायचं का? त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला. त्यांची फाइल माझ्या काखेत होती आणि माझाच श्वास वर चढला होता. एकदा काठी सटकली, मी पुढे झालो, तोवर त्यांनी स्वतःला सावरलंही होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचून त्या कठड्याला टेकल्या. कपाळावरचा घाम पदराने पुसला.

“एकसष्ट,” म्हणाल्या. “शाळेपेक्षा तीन जास्त.”

डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत म्हणून मी फाइल उघडून उगाच काहीतरी बघत होतो.

“परब साहेब,” त्या म्हणाल्या, “आता सांगा. माझं नाव कुणी काढलं होतं?”

मॅडमना लेखी दिलं होतं, पण ह्या बाईंना मी एवढे आठवडे ‘सिस्टिममधून गेलं’ एवढंच सांगितलं होतं. रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं.

“मी,” म्हणालो. “फोन मीच केले होते. नाव मीच कमी केलं.”

“माहीत होतं मला. त्याच दिवशी तुमच्या तोंडावर दिसलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? खडसवायचं होतं मला.”

“खडसवलं असतं तर तुम्ही स्वतःला वाचवत बसला असता,” विमलताई म्हणाल्या. “मला तारीख पाहिजे होती.”